काटा खाली, टाकी निम्मी

प्रश्न : माझ्या १९६७ सालच्या मॉरिस मायनरची टाकी निम्मी भरलेली असताना पेट्रोलचा काटा सावकाश चढून जेमतेम पाव दाखवतो. नवा मीटर बसवावा काय?

उत्तर : काटा सावकाश चढतो, हा बारीकसा तपशील आपण नमूद केलात हे फार बरे झाले, कारण त्यावरून आपला मीटर उष्णतेने वाकणाऱ्या द्विधातु पट्टीवर चालणारा आहे, असे दिसते. अशा मीटरला सुमारे दहा व्होल्ट पुरवणारा एक नियामक डॅशबोर्डमागे असतो; त्याचे अर्थिंग सुटले तर काटा वाजवीपेक्षा वर जातो, खाली नव्हे, सबब प्रथम टाकीकडेच वळावे. तेथील फ्लोटच्या युनिटाचे अर्थिंग गंजाने क्षीण झाले, की विद्युत्‌रोध वाढतो आणि काटा खाली बसतो. युनिटाच्या धातूच्या कडेपासून गाडीच्या सांगाड्याच्या स्वच्छ घासलेल्या भागापर्यंत एक तात्पुरती वायर आधी पक्की जोडावी व मगच किल्ली फिरवावी. मिनिटभरात काटा निम्म्यावर आला, तर मुद्देमाल हाती लागला.

न आल्यास बॅटरीची जोडणी सोडवून, विडीकाडी दूर ठेवून, मोकळ्या हवेत युनिट बाहेर काढावे आणि फ्लोट पितळी असल्यास कानाशी हलवून पाहावा. आत पेट्रोल खळखळले, तर तो जड होऊन बुडत आहे. त्यावर डाग देण्याचा मोह (आपले मिस्त्री हटकून हेच सुचवतील!) कटाक्षाने टाळावा, कारण आतील वाफेचा स्फोट होऊ शकतो, फ्लोट नवाच घालावा. मीटरची खरेदी तूर्त तहकूब.