जुनं पोकलेन घेताना इंजिन शेवटी बघा

जुनं पोकलेन बघायला गेलेला माणूस आधी इंजिनापाशी जातो. धूर कसला, आवाज कसा, मीटरवर तास किती. मीटर बदलता येतो हे ठाऊक असूनही बघतो. आम्ही भावाभावांनी वीस टनी मशीन घेतलं, त्याचं इंजिन उत्तम होतं, आजही आहे. पैसा खाल्ला तो चेन, स्प्रॉकेट, आयडलर आणि रोलरनी. चेनवाल्या मशीनच्या आयुष्यभराच्या दुरुस्तीत निम्म्याच्या आसपास खर्च याच भागाचा असतो. आमचं मशीन आधी खडीच्या खाणीवर होतं. काळ्या पाषाणावर गरगर वळलेली चेन मऊ मातीतल्या चेनच्या कितीतरी आधी संपते. म्हणून मी तासांपेक्षा आधीचं काम विचारतो.

आता कुणी सोबत नेलं तर टेप घेऊन चेनजवळ बसतो. पीसी-200 या वीस टनी मशीनच्या चेनला एका पिनेपासून दुसरीपर्यंत साधारण 190 मिमी, म्हणजे चार कड्यांत 760. चेन ताणून, मास्टर पिन वगळून मोजायचं. आकडा 775 च्या पुढे गेला की नवी चेन किमतीत धरूनच बोला. त्याआत असेल तर प्रेसवर पिन-बुश अर्धा फेरा फिरवून न झिजलेली बाजू कामाला लावता येते, पण बुशला तडा नसेल तरच. आणि टोकदार दातांच्या जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली की तीही लवकर जाते. रंग मारून विकायला उभ्या केलेल्या मशीनवर मी ही जोडी हमखास बघतो.

हायड्रॉलिकची परीक्षा गार मशीनवर होत नाही. तासभर खणू द्या. तेल तापल्यावर बूम मंदावला तर पंपावर संशय घ्या. फिल्टर कापून बघा. त्यात पितळी चमकी दिसली तर मी घासाघीसही करत नाही, निघतो. पंप फुटला की त्याचा चुरा व्हॉल्व्ह, कूलर, टाकी सगळीकडे जातो, आणि नुसता पंप बदलणारा तोच खर्च पुन्हा करतो. बकेट टेकवून मशीनचं तोंड उचललं, सोडलं, की टर्न टेबलमधली ढिलाई डोळ्यांना दिसते.

कागदांचं थोडक्यात: टायरवाल्या जेसीबीला आरसी बुक असतं, लोखंडी चेनच्या पोकलेनला बहुधा नसतं. मूळ बिल आणि फायनान्स कंपनीची एनओसी हातात आल्याशिवाय विसार देऊ नका.

दुरुस्तीचा हिशेब मात्र बहुतेक जण अर्धाच करतात. पार्ट आणि मजुरी धरतात, मशीन उभं राहिल्याचं नुकसान धरत नाहीत. शेततळी, विहिरी, सपाटीकरण ही कामं दिवाळीपासून पावसापर्यंतची. आमची चेन ऐन मार्चमध्ये उतरली. हप्ता चालू, ऑपरेटरचा पगार चालू, आणि ठरलेलं काम दुसऱ्याच्या मशीनने केलं. शिवाय पोकलेन रस्त्याने चालत गॅरेजला जात नाही, प्रत्येक वेळी ट्रेलर लागतो.

म्हणून दुरुस्तीचं मशीन घ्यायचंच तर मी जून-जुलै सुचवतो. कामं थांबलेली असतात, विकणारा नरमलेला असतो, खोलायला सवड मिळते. तेव्हा चिखलाने रोलर दिसत नाहीत, एवढीच अडचण. पाण्याने धुवून घ्या, तासभर चालवा आणि मग प्रत्येक रोलरच्या टोकाशी तेल आलंय का ते वाकून बघा.