चौकटीवरची खूण

दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये माझं लहानपण गेलं. शेजारच्या घराच्या उजव्या चौकटीला बोटाएवढी पितळी नळी होती. तिथल्या आजी बाहेर पडताना तिला बोटं लावत आणि ती बोटं ओठांशी नेत. आई उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावायची, तसंच हे काहीतरी असणार असं मला वाटे. आजी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू होत्या; बोलणं मात्र आमच्यापेक्षा शुद्ध मराठी. आता शिरूरला माझं लाकडी नावपाट्या आणि भेटवस्तूंचं वर्कशॉप आहे. ज्यू घरांची कामं करताना जे शिकलो ते लिहून ठेवतोय.

१. नळी म्हणजे मेझुझा नव्हे.
हे मला पहिल्याच कामात कळलं. शिसवाची नळी केली, वर हिब्रू ‘शिन’ अक्षर कोरलं, पॉलिश चढवून दोन्ही टोकं पक्की बंद केली. गिऱ्हाईक काकांनी ती हातात फिरवून विचारलं, “बाळा, आत चर्मपत्र घालायचं कुठून?” खरा मेझुझा तो आतला, लेखनिकाने हाताने लिहिलेला तोराह या धर्मग्रंथातला उतारा. चर्मपत्र सात वर्षांत दोनदा तपासून घ्यायची रीत आहे, म्हणून नळी मागून उघडता आली पाहिजे. ती दारातून आत शिरताना उजव्या हाताला, चौकटीच्या वरच्या एक-तृतीयांश भागाच्या खालच्या टोकाला लावतात. काही घरांत तिरकी, काहींत सरळ. विचारूनच भोकं पाडावीत.

२. सात की नऊ, हे आधी मोजावं.
जेरुसलेमच्या मंदिरातली मेनोरा ही समई सात शाखांची. १९४९ साली इस्राएलच्या राजचिन्हात आली ती हीच. हनुक्काच्या दिव्याला मात्र नऊ जागा लागतात: आठ रात्रींचे आठ आणि ते पेटवण्याचा एक. मी एकदा हनुक्काची भेट म्हणून सात शाखांचा दिवा दिला. त्या घराने तो मानाने शोकेसमध्ये ठेवला. सणाला मात्र तो उपयोगी नव्हता.

३. देवाचं नाव वस्तूवर कोरू नये.
ज्यावर ते नाव हिब्रूत लिहिलंय ते जुनं झालं तरी फेकत नाहीत; जपून ठेवतात आणि पुढे पुरतात. ट्रेवर किंवा चहाच्या कोस्टरवर ते घालणं म्हणजे त्या घराला धर्मसंकटात टाकणं. ‘शालोम’ चालतं. पण हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते, आणि मशीनच्या प्रोग्रॅमने माझी अक्षरं एकदा उलटी लावली होती. तेव्हापासून सागवानावर मशीन लावण्याआधी मी कागदावरचा नमुना वाचता येणाऱ्या माणसाला दाखवतो.

४. बाजारातल्या नक्षीआधी कोकण आठवावं.
इंटरनेटवर ‘ज्यू गिफ्ट’ शोधलं की सहा टोकांचा तारा आणि डोळा असलेला हात, एवढंच समोर येतं. दोन्ही छान आहेत. पण षट्कोण आपल्या यंत्रांतही असतो आणि पंजा मोहरमच्या ताबूतांसोबतही असतो. बेने इस्राएल घराची स्वतःची खूण निराळी. अनेक घरांत भिंतीवर एलियाहू हन्नाबीची तसबीर असते: अग्निरथ, घोडे, वर निघालेला संदेष्टा. अलिबागजवळ सागावच्या खडकावर त्याच रथाच्या खुणा मानतात. नवस फेडताना त्याच्या नावाने मलिदा होतो. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं. या मलिद्यासाठी मी किनार उंच असलेलं मोठं लाकडी ताट केलं आणि काठावर नारळाची झावळी कोरली. माझ्या हातून झालेलं हे सगळ्यांत खरं काम. शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थनेच्या पेल्यात वाईनऐवजी काळ्या मनुकांचं सरबत ओतायची चालही याच लोकांची. पुण्यात तर १८७४ साली वल्हांडण सणाची हगादा ही पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका आहेत. डिझाइन करणाऱ्याने तिथून सुरुवात करावी.

आणि सगळे ज्यू एक धरू नयेत. पुण्याचं लाल देऊळ हे सिनेगॉग १८६७ सालचं, बगदादहून आलेल्या डेव्हिड ससूनांनी उभारलेलं; रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो बेने इस्राएलांचं. लाल देवळाची प्रतिकृती भेट देण्याआधी ते घर प्रार्थनेला कुठे जातं ते विचारावं.

५. आहेर अठराचा.
‘खाय’ म्हणजे जिवंत. त्याच्या दोन हिब्रू अक्षरांच्या अंकमूल्यांची बेरीज १८. म्हणून आहेर १८च्या पटीत देतात. आपल्या एकशे एकसारखंच.

६. नावपाटीला आडनाव पुरेसं असतं.
केहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर: कोकणातली गावं आडनावात घेऊन ही माणसं इस्राएलला गेली. गेल्या वर्षी अश्दोदहून एका मावशींचा फोन आला. नव्या घराला पाटी हवी होती, वर हिब्रू, खाली मराठी. मी दोन्ही ओळींची लांबी जुळवायला मराठी अक्षरं थोडी बारीक केली आणि नमुना पाठवला. लगेच उत्तर आलं: “मराठी मोठं कर रे. हिब्रू इथं सगळीकडेच आहे.”