कारखान्याचं पाणी पुन्हा कारखान्यात

सांगवी-दापोडीच्या परिसरात पवना मुळेला मिळते. इथल्या घरांत दहावी-बारावीच्या निकालानंतर चर्चा होते ती कॉम्प्युटरची, हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांची. मुलीने सांडपाणी प्रक्रियेचं नाव काढलं, की आईवडिलांच्या कपाळावर आठ्या पडतात. एवढं शिकून गटाराचं काम?

हे काम अस्सल रसायनशास्त्राचं आहे, आणि त्याची गरज असलेले कारखाने इथून फार दूर नाहीत. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. जलशुद्धीकरणाची यंत्रं आणि रसायनं बनवणारी थरमॅक्स चिंचवडचीच. दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीत तर रासायनिक कारखान्यांची वसाहतच आहे.

औषध किंवा रंग तयार करताना रिअॅक्टर धुतल्याचं, गाळणीतून निघालेलं पाणी क्षार आणि सेंद्रिय द्रव्यांनी भरलेलं असतं. फार खारट पाणी आधीच वेगळं काढतात. उरलेल्याचा पीएच जुळवून ते हवा सोडलेल्या टाकीत जातं. तिथे जिवाणू सेंद्रिय घाण खातात. मग गाळण, त्यानंतर आरओ. आरओने नाकारलेलं खारं पाणी बाष्पीभवन यंत्रात आटवलं, की क्षार मागे राहतो आणि वाफेचं पुन्हा पाणी होतं. ते कूलिंग टॉवरला किंवा बॉयलरला परत जातं. थेंबही बाहेर सोडायचा नाही, या पद्धतीला कारखान्यांत झेडएलडी (झिरो लिक्विड डिस्चार्ज) म्हणतात.

यंत्रं विकत मिळतात, नजर मिळत नाही. उत्पादन विभागाने न कळवता सॉल्व्हंट मिसळलेलं पाणी सोडलं, तर जिवाणू मरतात आणि टाकी पूर्ववत व्हायला कित्येक दिवस जातात. फेसाचा रंग, वास, पीएचचा आकडा पाहून हे वेळेत ओळखणारा माणूस कारखान्याला हवा असतो.

वाटा अनेक आहेत. दहावीनंतर आयटीआयचा ‘अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट’ हा ट्रेड किंवा केमिकलचा तीन वर्षांचा डिप्लोमा. डिप्लोमानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. बारावीनंतर एमएचटी-सीईटीतून केमिकल इंजिनिअरिंग. रसायनशास्त्रात बीएस्सी झालेल्यांना प्रयोगशाळेत काम मिळतं. पर्यावरण इंजिनिअरिंगही चालतं, पण पाया रसायनशास्त्राचा पक्का हवा.

कष्टही सांगायला हवेत. पाळ्या असतात, रात्रपाळीही. आम्ल-अल्कली हाताळावं लागतं, आणि बंद टाकीत परवान्याशिवाय, हवा तपासल्याशिवाय उतरणं जिवावर बेतू शकतं. सुरक्षेचं प्रशिक्षण न देणाऱ्या ठिकाणी पगार चांगला असला तरी मुलांना पाठवू नये.

प्रवेश घेण्याआधी पालकांनी कॉलेजची प्रयोगशाळा पाहावी आणि विचारावं : पाण्यातली सेंद्रिय घाण मोजणारी सीओडीची चाचणी विद्यार्थी स्वतः करतात, की फक्त वहीत उतरवतात? प्रत्यक्ष कारखान्यात किती आठवडे पाठवता? उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरं कॉलेज शोधावं.