पांढरें सोनें आणि कागदी सोनें

अकोट तालुक्यांतील मुलामुलींना कापसाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. दिवाळी सरून वेचणी सुरू झाली कीं घरोघरीं एकच प्रश्न ऐकूं येतो, "आज भाव काय निघाला?" हाच प्रश्न आपल्या वाडवडिलांनींही विचारला होता. परंतु भाव आणि मोल या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत, व त्यांत फार अंतर पडलें म्हणजे केवढा अनर्थ ओढवतो, याचा एक मोठा धडा कापसानेंच आपल्या देशाला दिला आहे. तो धडा विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं एकत्र बसून वाचावा, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

एप्रिल १८६१ मध्यें अमेरिकेंत उत्तर व दक्षिण अशा दोन पक्षांत यादवी युद्ध जुंपलें. इंग्लंडांतील लँकेशायरच्या गिरण्या मुख्यत्वें अमेरिकेच्या दक्षिण भागांतील कापसावर चालत. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें कोंडलीं आणि तो कापूस येईनासा झाला. गिरणीवाल्यांची दृष्टि साहजिकच हिंदुस्थानाकडे वळली. लिव्हरपूलच्या बाजारांत कापसाचा भाव तिप्पट-चौपट झाला. वऱ्हाड प्रांत १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला होता. येथील काळ्या जमिनीचा कापूस मुंबईस जाऊं लागला. नागपुरापर्यंत लोहमार्ग पोंचला तो १८६७ सालीं, म्हणजे युद्ध संपल्यावर. तेव्हां या तेजीच्या दिवसांत मालाची पुष्कळशी वाट बैलगाड्यांनींच तुडविली. मध्य हिंदुस्थानच्या कापूसपट्ट्यांत कोठें कोठें गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्याचें वर्णन त्या काळच्या लेखांत आढळतें.

पैशाचा खरा पूर लोटला तो मुंबईंत. इतका पैसा गुंतवावा कोठें, हें लोकांना सुचेना. तेव्हां नव्या नव्या बँका व कंपन्या निघूं लागल्या. समुद्र हटवून जमीन काढण्यासाठीं 'बॅक बे रेक्लमेशन' नांवाची कंपनी निघाली. तिच्या ज्या भागावर, म्हणजे शेअरवर, ५,००० रुपये भरलेले होते, त्याची किंमत ५०,००० रुपयांच्या घरांत गेली. जमीन अद्याप समुद्राखालींच होती. उत्पन्न एक पैचें नव्हतें. वाढली होती ती केवळ लोकांची आशा. कारकून, व्यापारी, वकील, सारेच या नादास लागले. पदरीं पैसा नसलेले लोक पुढच्या तारखेचे वायदे करूं लागले, आणि बँका शेअरच्याच तारणावर कर्जें देऊं लागल्या.

एप्रिल १८६५ मध्यें दक्षिणेचा सेनापति ली यानें शस्त्र खालीं ठेवलें. अमेरिकेचा कापूस पुन्हां बाजारांत येणार हें दिसतांच भाव कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्यांचा हिशेब चुकता करण्याचा दिवस होता. त्या दिवशीं देणेंच सर्वांकडे होतें, पैसा कोणाजवळही नव्हता! बॅक बेचा तो भाग २,००० रुपयांच्याही खालीं आला. १८४० सालीं स्थापन झालेली बँक ऑफ बाँबे या धक्क्यांतून सावरली नाहीं आणि १८६८ सालीं तिचा कारभार गुंडाळावा लागला.

या खेळाचे अग्रणी शेट प्रेमचंद रायचंद हेही त्यांत बुडाले. तथापि तेजीच्या काळीं त्यांनीं मुंबई विद्यापीठास मोठी देणगी दिली होती. त्यांतून त्यांच्या मातोश्रींच्या नांवाचा राजाबाई मनोरा उभा राहिला. तो १८७८ सालीं पुरा झाला व आजही उभा आहे. जें कागदावर होतें तें गेलें. जें दगडांत व विद्येंत घातलें तें उरलें.

तेजी ओसरल्याचा चटका खेड्यांनाही बसला. चढत्या भावाच्या भरंवशावर सावकारांनीं सढळ हातानें कर्ज दिलें होतें आणि कुणब्यांनीं तें घेतलें होतें. भाव उतरला, पण कर्ज उतरलें नाहीं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांचा उठाव झाला व सावकारांचे कागद जाळण्यांत आले. त्याच्या अनेक कारणांपैकीं हें एक होतें. पुढें वऱ्हाडांत बाजाराला शिस्त लावण्याचे प्रयत्न झाले. कारंजा येथें १८८६ सालीं नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला व १८९७ सालीं वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. मोजमाप खरें असावें, व्यवहार उघड्यावर व्हावा, हें तत्त्व आपल्या प्रांतानें फार लवकर ओळखलें, ही अभिमानाची गोष्ट आहे.

आतां या इतिहासापासून काय शिकावयाचें तें पाहूं.

पहिली गोष्ट, भाव हा बाजार सांगतो. मोल आपण शोधावयाचें असतें. आपले वडील बैलबाजारांत जातात तेव्हां काय करतात? ते बैलाचे दांत पाहतात, खूर पाहतात, चालवून पाहतात. साऱ्या बाजारानें वाहवा केली तरी लंगडा बैल घेऊन ते घरीं येत नाहींत. शेअर हाही एखाद्या धंद्याचाच तुकडा होय. समजा, एका जिनिंग कारखान्याचे १०० भाग आहेत आणि सर्व खर्च वजा जातां वर्षाला १०,००० रुपये नफा उरतो. प्रत्येक भागाच्या वांट्यास १०० रुपये आले. तो भाग १,००० रुपयांस घेतला तर शेंकडा १० पडले. ५,००० रुपयांस घेतला तर शेंकडा २ च. कारखाना तोच, यंत्रें तींच; केवळ जास्त किंमत दिल्यानें चांगला धंदाही वाईट सौदा होतो.

दुसरी गोष्ट, हिशेबांत चूक होणारच असें धरून चालावें. अमेरिकेंत १९२९ सालीं अशीच तेजी मोडली. तेथील डाऊ जोन्स निर्देशांक ३८१ वरून १९३२ च्या जुलैमध्यें ४१ वर आला. त्या पडझडींत स्वतः पोळलेले कोलंबिया विद्यापीठाचे अध्यापक बेंजामिन ग्रॅहॅम यांनीं १९३४ सालीं डेव्हिड डॉड यांच्यासह या विषयावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या शिकवणीचें सार असें कीं, वस्तूचें मोल १०० रुपये वाटत असेल तर ती ६०-७० रुपयांस मिळाली तरच घ्यावी. मधलें अंतर हीच आपली संरक्षक भिंत. नदीकांठचा शहाणा मनुष्य नेहमींच्या पाण्याची रेघ पाहून घर बांधीत नाहीं; महापुराची रेघ पाहून बांधतो.

तिसरी गोष्ट, कर्ज काढून सट्टा करूं नये. स्वतःच्या पैशानें घेतलेली वस्तु भाव पडला तरी आपल्याजवळ राहते व दिवस पालटण्याची वाट पाहतां येते. उसन्या पैशाला तारीख असते. १८६५ च्या जुलैनें लोकांना बुडविलें तें त्या तारखेनेंच. शिवाय नुकसानीचें गणित फार कठोर आहे. १०० चे ५० झाले, म्हणजे निम्मे गेले. पण पुन्हां १०० व्हावयास त्या ५० ची दुप्पट व्हावी लागते. ५०,००० चे २,००० झाले, तर पूर्ववत् होण्यास पंचवीसपट!

चौथी गोष्ट, धीर. दरसाल शेंकडा ८ दरानें चक्रवाढ व्याजाची रक्कम सुमारें ९ वर्षांत दुप्पट होते. पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यानें आज ठेवलेले १,००० रुपये तो एक्कावन्न वर्षांचा होईल तेव्हां सुमारें १६,००० होतात. यांत कसलीही जादू नाहीं. तुरीसारखें सावकाश येणारें पीक आहे. जो सहा महिन्यांत दुप्पट देण्याचें वचन देतो, त्याला एवढेंच विचारावें, "हा नफा येतो कोठून?" उत्तर समजलें नाहीं तर पैसा घरींच बरा.

आज शेअर घेण्यास मुंबईस जावें लागत नाहीं. खिशांतील फोनवर क्षणांत सौदा होतो. साधन बदललें आहे, मनुष्याचा लोभ मात्र तोच आहे. पालकांनीं घरचा जमाखर्च मुलांपासून लपवूं नये; पेरणीचा खर्च, पट्टीचे पैसे, व्याजाचा आंकडा त्यांच्याकडूनच मांडवून घ्यावा. आणि विद्यार्थ्यांनो, उद्यां कोणी कांहीं विकावयास आला, तर भाव विचारण्यापूर्वीं मोल विचारा. सरकी, रुई आणि कचरा वेगळे करण्याचें काम आपल्या गांवाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तीच दृष्टि पैशाच्या व्यवहारांत ठेविली म्हणजे झालें.