परीकथेतला किल्ला आणि फसणारा डोळा

दिवाळीत अंगणात केलेला मातीचा किल्ला आपण उभ्याने, वरून पाहतो. तोच एकदा जमिनीला हनुवटी टेकून पाहा. दीड हाताचा बुरूज एकदम उंच भासेल. बुरूज तोच, बदलला तो पाहण्याचा कोन. अमेरिकेतील एका जगप्रसिद्ध किल्ल्याची उंचीही अशीच डोळ्याच्या सवयींवर उभी आहे.

कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी वॉल्ट डिस्ने यांचे 'डिस्नीलँड' हे करमणूक-उद्यान सुरू झाले. त्यात निद्रिस्त राजकन्येचा किल्ला आहे. गंमत अशी, की त्या राजकन्येवरचा डिस्ने यांचा चित्रपट १९५९ मध्ये आला. म्हणजे किल्ला आधी, चित्रपट नंतर!

या किल्ल्याचा नमुना जर्मनीतील बव्हेरियाचा. तेथील राजा दुसरा लुडविग याने १८६९ मध्ये नॉयश्वानस्टाइन हा किल्ला बांधायला घेतला. त्याची चित्रे काढली ती नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या क्रिस्टियान यांक या कलावंताने. बाहेरून मध्ययुगीन दिसणाऱ्या या वास्तूत पोलाद होते, नळाचे पाणी होते. राजा कर्जात बुडाला आणि १८८६ मध्ये वारला. किल्ला अपुराच राहिला. त्याच वर्षी तो पैसे घेऊन लोकांना दाखवणे सुरू झाले.

डिस्ने यांचा किल्ला अवघा ७७ फूट, म्हणजे सुमारे २३ मीटर उंच आहे. तो उंच भासावा म्हणून खालचे दगड मोठे आणि वरचे लहान केलेले आहेत. याने काय साधते?

हिशेब करून पाहू. समजा, खालच्या दगडाची रुंदी ६० सेंटिमीटर व माथ्यावरच्या दगडाची ३० सेंटिमीटर आहे. तुम्ही ४० मीटरवर उभे आहात. पायथागोरसच्या सिद्धांताने माथा तुमच्यापासून सुमारे ४६ मीटर दूर आहे. वरच्या दगडाचा डोळ्याशी होणारा कोन, रुंदी भागिले अंतर, म्हणजे ०.३ ÷ ४६ = ०.००६५ रेडियन. पण मेंदू गृहीत धरतो, की सगळे दगड सारखेच, ६० सेंटिमीटरचे! तेवढ्याच कोनात दुप्पट रुंदीचा दगड मावायचा तर तो दुप्पट दूर, ९२ मीटरवर हवा. नजरेची दिशा तीच राहिल्यामुळे माथ्याची उंचीही दुप्पट, ४६ मीटर ठरते. प्रत्यक्षात डोळा इतका पुरता फसत नाही. त्याला इतर खुणाही दिसत असतात. पण चूक होते ती याच दिशेने.

अशी फसगत निसर्गातही होते. तळोदा-शहादा भागातून उन्हाळ्यात सातपुडा धूसर व दूर दिसतो. पावसाची सर येऊन हवा धुऊन निघाली की तोच जवळ आल्यासारखा वाटतो. डोंगर हलत नाही. धूसर ते दूर, ही मेंदूची सवय असते.

म्हणून शास्त्रात 'मला दिसले' एवढ्यावर भागत नाही, मोजावे लागते. यंदाच्या किल्ल्यावर दाराशी मोठा मावळा, माथ्यावर निम्म्या उंचीचा मावळा ठेवा. पुठ्ठ्याला भोक पाडून एका डोळ्याने, खालून पाहा. मित्राला उंचीचा अंदाज विचारा आणि मग फूटपट्टी लावा. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. त्यांतला फरक म्हणजेच तुमच्या डोळ्याची चूक.