यकृताचा सिऱ्हॉसिस आणि रक्तदाबाची गोळी

‘पोटात पाणी झाले’ असे भालकी-औरादकडचा किंवा आळंदकडचा माणूस सांगतो, तेव्हा डॉक्टरांच्या मनात प्रथम जलोदर आणि त्यापाठोपाठ यकृताचा सिऱ्हॉसिस उभा राहतो. दारू हे या रोगाचे एक कारण आहेच. (कर्नाटकात 2007 साली अरॅकवर बंदी आली, तरी पिणारे थांबले असे कोणी म्हणणार नाही.) परंतु दारूचा थेंबही न घेतलेल्या स्त्रीपुरुषांना ‘ब’ व ‘क’ विषाणूंच्या काविळीमुळे, तसेच मधुमेह व मेदवृद्धीमुळेही हा रोग जडतो. घरच्या मंडळींनी रोग्याला बोल लावण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे. प्रस्तुत लेखात मात्र एकाच गोष्टीचा विचार करावयाचा आहे: रक्तदाबासाठी रोज घेतली जाणारी एक गोळी या रोगात काय करते?

बीदरजवळ नौबाद येथील बहमनी काळचा भुयारी कालवा, म्हणजे कारेझ, वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. खाली वाहते पाणी आणि वर ठिकठिकाणी विहिरीसारखी तोंडे. अशा कालव्यात पुढे गाळ साचला तर मागच्या तोंडांत पाणी चढेल आणि वाट मिळेल तेथून फुटेल. यकृताचे असेच होते. आतडी व प्लीहा यांतून आलेले रक्त ‘पोर्टल’ नावाच्या मोठ्या शिरेने यकृतात शिरते. सिऱ्हॉसिसमध्ये यकृत व्रणांच्या तंतूंनी कठीण होते व ही वाट अडते. निरोगी माणसात यकृताच्या अलीकडील व पलीकडील शिरांच्या दाबांतील फरक पाऱ्याच्या 5 मिलिमीटरांपर्यंत असतो. तो 10 च्या वर गेला की अन्ननलिकेच्या तळाच्या शिरा फुगू लागतात आणि 12 च्या वर त्या फुटून रक्ताची उलटी होण्याचे भय असते.

आता अँजिओटेन्सिन या हार्मोनाकडे वळू. त्याचा कच्चा माल यकृतच तयार करते. मूत्रपिंडातून सुटणारे रेनिन त्यावर काम करते. रेनिनाचा शोध 1898 साली स्वीडनमध्ये टिगरस्टेट व बेर्गमन यांनी लावला. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत या हार्मोनासाठी जणू कुलपे असतात. त्यांना ग्राही म्हणतात. हार्मोनाची किल्ली लागली की वाहिनी आकसते व रक्तदाब वाढतो. लोसार्टन, टेल्मिसार्टन इत्यादी गोळ्या ही कुलपेच बंद करून टाकतात.

हेच हार्मोन रोगी यकृतातील पेशींनाही आकसवते व तंतू वाढवण्यास हातभार लावते. तेव्हा कुलूप बंद केले की यकृतातील वाट मोकळी होईल, अशी आशा वाटणे स्वाभाविक होते. 1999 साली जर्मनीतील डॉक्टरांनी रोज 25 मिलिग्रॅम लोसार्टन आठवडाभर देऊन पाहिले, तेव्हा ज्यांचा पोर्टल दाब फार चढला होता त्यांचा तो जवळजवळ निम्म्याने उतरला! वैद्यकीय जगात आनंद झाला. पण तो टिकला नाही. 2001 साली बार्सिलोना येथे लोसार्टनची तुलना प्रोप्रॅनोलॉलशी करण्यात आली. लोसार्टनने पोर्टल दाब म्हणण्यासारखा उतरला नाही; उतरला तो सर्व शरीराचा रक्तदाब, आणि ज्यांचे यकृत अधिक खालावले होते त्यांच्या मूत्रपिंडाची गाळणक्रियाही घटली. पुढे कोलकाता व मुंबई येथील छोट्या अभ्यासांत निकाल पुन्हा लोसार्टनच्या बाजूने आला, परंतु तेवढ्यावरून उपचाराचा मार्ग बदलला नाही.

असे का व्हावे? वाढलेल्या सिऱ्हॉसिसमध्ये पोटातील धमन्या सैल पडतात. शरीरात पाणी भरपूर साठलेले असूनही मूत्रपिंडाला रक्त अपुरे पोचते. ते रेनिन सोडते, अँजिओटेन्सिन वाढते आणि त्याच्या आकसण्याच्या जोरावरच रक्तदाब व मूत्रपिंडाचे काम कसेबसे टिकून राहते. म्हणजे ज्याला आपण शत्रू समजलो, तोच घराचा टेकू निघाला. तो काढला की लघवी कमी होते, रक्तातील क्षार बिघडतात, मूत्रपिंड बंद पडू शकते. जलोदर झालेल्यांना या गोळ्या देऊ नयेत असे युरोपातील यकृततज्ज्ञांच्या संस्थेने स्पष्ट सांगितले आहे. जलोदर न झालेल्या, आरंभीच्या अवस्थेतील रोग्याची गोष्ट वेगळी. तेथे डॉक्टर विचारपूर्वक त्या चालू ठेवतात.

आपल्याकडे घोटाळा होतो तो येथेच. दहा वर्षांपूर्वी बीदरला कोणी रक्तदाबाची गोळी लिहून दिलेली असते. पुढे पोट फुगते, रोगी हैदराबादला किंवा सोलापूरला जातो, नवी औषधे येतात; आणि जुनी गोळी सवयीने चालूच राहते, कारण तिच्याविषयी कोणी विचारत नाही व रोगी सांगत नाही. यासाठी घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवावी. नावाच्या शेवटी ‘सार्टन’ असेल तर ते बोट ठेवून दाखवावे. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, शेजाऱ्याची आणून सुरू तर मुळीच करू नये. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्याही त्याच पिशवीत दिसू द्याव्यात, कारण त्याही अशा मूत्रपिंडाला घातक ठरतात.

फुगलेल्या शिरा फुटू नयेत म्हणून आज मुख्यतः प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल देतात. ही औषधे ॲड्रेनलिनाच्या ग्राहींना अडवतात. पॅरिसमध्ये लेब्रेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980-81 च्या सुमारास प्रोप्रॅनोलॉलचा हा उपयोग दाखवून दिला. रक्तदाब फार खाली गेला तर त्यांचीही मात्रा कमी करावी लागते. आणि या रोगात मूत्रपिंड बंद पडू लागले, तर रुग्णालयात टर्लिप्रेसिन नावाचे जे औषध शिरेतून देतात, ते पोटातील सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आकसवणारे असते.