अँकर बोल्टची पकड येते कुठून?

हॉस्टेलच्या बाथरूममधला २५ लिटरचा गीझर बघा. नुसतं पाणीच २५ किलो, शिवाय गीझरचं स्वतःचं वजन. हे सगळं दोन-चार बोल्टांवर, आणि भिंतीमागे नट नाही! मग तो खाली का येत नाही?

या बोल्टचं आतलं टोक शंकूसारखं असतं. त्याभोवती चिरा असलेली नळी, म्हणजे स्लीव्ह. नट आवळला की शंकू स्लीव्हमध्ये खेचला जातो, स्लीव्ह फुलते आणि भोकाच्या बाजूंवर दाब देते. त्या दाबातून घर्षण, आणि घर्षणातून पकड. भोकात धूळ राहिली तर हीच पकड कमी होते.

काँक्रीट दाबाला भक्कम, पण ताणाला कच्चं. भार जास्त झाला तर बोल्टसकट काँक्रीटचा शंकूच उखडतो. त्याचा व्यास बोल्टच्या खोलीच्या साधारण तिप्पट. म्हणजे ६० मिमी खोलीला १८० मिमी. दोन बोल्ट याहून जवळ, किंवा कडेपासून ९० मिमीच्या आत बसवले, तर ताकद घटते. उलट खोली दुप्पट केली तर ही ताकद सुमारे २.८ पट होते. मात्र प्लास्टरची जाडी खोलीत धरायची नाही.

विटांच्या भिंतीत फुलणारी स्लीव्ह वीटच फोडू शकते. पोकळ ब्लॉकमध्ये तर तिला दाबायला काही नसतंच. तिथे आरपार बोल्ट घालून मागे प्लेट लावणं बरं.

तेव्हा मित्रांनो, ड्रिल हातात घेण्याआधी भिंत कशाची आहे ते विचारा. खाली रोज कुणीतरी आंघोळ करणार आहे!